टाकीतले पाणी, दाबाचा सेन्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर



अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत आपण व्हीटस्टन सेतू शिकतो, ऑप-अ‍ॅम्पची चिन्हे वहीत काढतो, परीक्षेत सूत्र लिहितो आणि विसरून जातो. या वेळी आपण या दोन गोष्टी एका कामाला लावणार आहोत. काम घरचेच आहे. शाळेच्या गच्चीवरील टाकीत किती पाणी उरले हे खाली कार्यालयात बसून कळले पाहिजे. आपल्या इंदुरात नर्मदेचे पाणी जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, पंपांनी चढवून आणावे लागते. ते येते तेव्हा भरून घ्यायचे आणि पुरवून वापरायचे. मधल्या सुटीच्या आधी टाकी आटली तर काय होते हे तुम्ही जाणताच. टाकी पाहायला आमचे शिपाईकाका दिवसातून दोनदा लोखंडी शिडी चढतात. पावसाळ्यात ती शिडी निसरडी असते, आणि काकांचे वय आता शिडी चढण्याचे नाही. म्हणून हा पाठ केवळ गुणांसाठी नाही.

प्रथम दाब. पाण्याच्या तळाशी दाब किती, तर उंची गुणिले घनता गुणिले गुरुत्व. टाकी गोल की चौकोनी, हजार लिटरची की पाचशेची, याने काही फरक पडत नाही; फक्त उंची महत्त्वाची. आपल्या टाकीत पाणी जास्तीत जास्त एक मीटर उभे राहते. म्हणजे १ × १००० × ९.८ = ९८०० पास्कल, अर्थात ९.८ किलोपास्कल. हा आकडा वहीत वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे सारखा लागेल.

सेन्सर आपण एमपीएक्स २०१० जातीचा घेऊ. तो ० ते १० किलोपास्कलसाठी बनवलेला आहे, आपल्या मापाला अगदी बेताचा. सिलिकॉनच्या पातळ पडद्यावर दाब पडला की पडदा किंचित वाकतो आणि त्यावरील रोध बदलतो. सिलिकॉन व जर्मेनियम यांच्यातील हा गुण बेल लॅबोरेटरीजमधील चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ साली प्रसिद्ध केला. बहुतेक दाब-सेन्सरांत असे चार रोध सेतूच्या आकारात असतात. आपल्या या सेन्सरची आतली रचना थोडी वेगळी, एकाच रोधाला चार टोके काढलेली अशी आहे. पण बाहेरून वापरणाऱ्याला तो सेतूसारखाच भासतो. पिन १ जमीन, पिन ३ ला १० व्होल्ट, आणि पिन २ व पिन ४ या दोन टोकांमध्ये आपला सिग्नल.

सिग्नल किती? १० व्होल्ट दिले असता १० किलोपास्कलला २५ मिलिव्होल्ट. म्हणजे एका किलोपास्कलला अडीच. आपली भरलेली टाकी ९.८ किलोपास्कल, म्हणून २४.५ मिलिव्होल्ट. एक सेंटीमीटर पाण्याला ०.२४५ मिलिव्होल्ट. हाही आकडा लिहून ठेवा.

आता हे २४.५ मिलिव्होल्ट थेट आर्डुइनोच्या अ‍ॅनालॉग पिनेत घातले तर? ती पिन ५ व्होल्टचे १०२४ भाग करते, एक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा. म्हणजे रिकाम्यापासून भरलेल्या टाकीपर्यंत पाच पायऱ्या. एक पायरी वीस सेंटीमीटरची! एवढे तर टाकीवर टिचकी मारूनही कळते. म्हणून सिग्नल वाढवायला हवा. आम्ही बी.एस्सी. हिंदी माध्यमातून केले. तेथे अ‍ॅम्प्लिफायरला प्रवर्धक म्हणत. मराठीत ध्वनिवर्धक सर्वांच्या ओळखीचा, त्याच कुळातला हा शब्द. पण प्रयोगशाळेत सगळे अ‍ॅम्प्लिफायरच म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू.

किती पटीने वाढवायचे? येथे मुले घाई करतात. ५ व्होल्टला २४.५ मिलिव्होल्टने भागून मोकळे होतात. थांबा. वरच्या टोकाला थोडी जागा सोडू, म्हणजे टाकी काठोकाठ भरली तरी माप अडणार नाही. भरलेली टाकी ४.५ व्होल्ट. खालच्या टोकाला शून्य न धरता १ व्होल्ट धरू. असे का, ते पुढे येईल. म्हणजे ३.५ व्होल्टची धाव मिळाली. एका सेंटीमीटरला ३५ मिलिव्होल्ट. गेन = ३.५ ÷ ०.०२४५ = सुमारे १४३.

आता खरी अडचण पाहू. सेन्सरच्या दोन टोकांपैकी एकही जमिनीवर नाही. १० व्होल्ट दिल्यावर दोन्ही टोके मधोमध, ५ व्होल्टच्या आसपास असतात. टाकी भरलेली असताना एक टोक ५.०१२ आणि दुसरे ४.९८८ व्होल्टवर असते. दोन मुले पाचव्या मजल्यावर शेजारी उभी आहेत आणि त्यांच्या उंचीतला बोटभर फरक आपल्याला रस्त्यावर उभे राहून मोजायचा आहे, असा हा प्रकार. दोघांत समान असलेल्या या ५ व्होल्टला कॉमन-मोड म्हणतात. नुसते एकच टोक धरून १४३ पट करायला गेलो तर हिशेबाने ७१५ व्होल्ट व्हायला हवेत. ऑप-अ‍ॅम्प बिचारा पुरवठ्याच्या काठाला जाऊन चिकटून बसेल. आपल्याला फरक तेवढा वाढवायचा आहे, समान भाग नाही.

पाठ्यपुस्तकात एका ऑप-अ‍ॅम्पचा वजाबाकी करणारा परिपथ असतो, चार रेझिस्टरांचा. तो येथे एकटा पुरत नाही. कारण सेन्सरचा स्वतःचा निर्गत रोध दीड-तीन हजार ओहमच्या घरात आहे. त्याला १० हजार ओहमच्या रेझिस्टरमधून विद्युतधारा ओढायला लावली तर सिग्नलचा बराच भाग सेन्सरच्या पोटातच खर्च होतो, आणि दोन्ही टोकांना भार सारखा पडत नाही तो निराळाच. म्हणून आधी दोन ऑप-अ‍ॅम्प असे लावायचे की ते सेन्सरकडून जवळजवळ काहीच न घेता फक्त पाहतील. मग तिसरा वजाबाकी करील. तीन ऑप-अ‍ॅम्पच्या या रचनेला इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात.

रचना अशी. दोन ऑप-अ‍ॅम्प, यांना अ आणि ब म्हणू. अ च्या धन टोकाला सेन्सरची पिन २, ब च्या धन टोकाला पिन ४. प्रत्येकाच्या निर्गतापासून त्याच्या स्वतःच्या ऋण टोकाला ४७ किलो-ओहमचा रेझिस्टर. आणि दोघांच्या ऋण टोकांना जोडणारा एकच रेझिस्टर, त्याला आरजी म्हणू. लक्षात घ्या, आरजी जमिनीला कोठेच जोडलेला नाही. सारी गंमत त्यातच आहे.

ऋण पुनर्भरण असलेला ऑप-अ‍ॅम्प आपली दोन्ही टोके सारख्या विभवावर ठेवतो, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे अ चे ऋण टोक पिन २ च्या विभवावर, ब चे पिन ४ च्या. मग आरजीच्या दोन टोकांत नेमका सेन्सरचा फरक, २४.५ मिलिव्होल्ट, येऊन बसला. आरजी ६६२ ओहमचा असेल तर त्यातून ३७ मायक्रोअ‍ॅम्पिअर धारा जाईल. ही धारा ऑप-अ‍ॅम्पच्या टोकांत शिरू शकत नाही, म्हणून तिला दोन्हीकडच्या ४७ किलो-ओहममधूनच जावे लागते. प्रत्येकावर १.७४ व्होल्ट. दोन्ही मिळून ३.४८, त्यात मूळचे ०.०२४५ मिळवा: ३.५ व्होल्ट. सूत्र पाठ करायची गरजच नाही, ते या वाक्यांतून आपोआप निघते: गेन = १ + (२ × ४७००० ÷ आरजी).

आणि कॉमन-मोडचे काय झाले? दोन्ही टोके समजा ५ व्होल्टवर एकसारखी असली तर आरजीत फरक शून्य, धारा शून्य, ४७ किलो-ओहमवर काहीच पडत नाही. अ चे निर्गत ५, ब चेही ५. म्हणजे फरक १४३ पट झाला आणि समान भाग होता तेवढाच राहिला. आम्हाला विद्युतशास्त्रात जी थोडी कोडी सुंदर वाटतात त्यांत हे एक आहे. जर आरजीच्या जागी दोन रेझिस्टर घेऊन त्यांचा मध्य जमिनीला जोडला असता तर समान भागही तितकाच वाढला असता. एक तार जमिनीला न जोडण्याने एवढे काम होते.

आरजी प्रत्यक्षात ५६० ओहम आणि त्याच्याशी एकसर जोडणीत २०० ओहमचा प्रीसेट असा घ्या. कारण प्रत्येक सेन्सर अगदी २५ मिलिव्होल्टचा नसतो. २४ ते २६ च्या दरम्यान कोठेही असू शकतो. २४ वाल्याला ६३६ ओहम लागतील, २६ वाल्याला ६९०. दोन्ही प्रीसेटच्या आवाक्यात बसतात. स्वतः गणित करून पाहा.

आता अ आणि ब साठी कोणता ऑप-अ‍ॅम्प? कपाटात ७४१ चे डबे भरले आहेत, १९६८ पासून शाळा-कॉलेजांचा हा लाडका. पण प्रत्येक ऑप-अ‍ॅम्पच्या दोन टोकांत जन्मजात थोडा फरक असतो, त्याला ऑफसेट म्हणतात. ७४१ चा तो साधारण २ मिलिव्होल्ट, काही तुकड्यांत ६ पर्यंत. आपल्या सेंटीमीटरच्या हिशेबात २ मिलिव्होल्ट म्हणजे ८ सेंटीमीटर पाणी! ते स्थिर राहिले असते तर शून्य जुळवून काढून टाकता आले असते, पण उष्णतेने ते सरकते. एलएम३५८ चे सरकणे अंशामागे सुमारे ७ मायक्रोव्होल्ट धरतात. आपल्याकडे पहाटेची थंडी आणि वैशाखातली दुपार यांत चाळीस अंशांचा फरक सहज पडतो. ७ × ४० = २८० मायक्रोव्होल्ट, आणि दोन ऑप-अ‍ॅम्प उलट दिशांना सरकले तर दुप्पट. दोन सेंटीमीटरांहून जास्त.

म्हणून अ आणि ब च्या जागी ओपी०७ घ्यावा. त्याचा ऑफसेट १५० मायक्रोव्होल्टच्या आत असतो आणि सरकणे अंशामागे अर्ध्या मायक्रोव्होल्टच्या आसपास. शिवाय त्याच्या पिना ७४१ सारख्याच. सॉकेट लावून परिपथ जोडा, आधी ७४१ घालून माप लिहा, मग तेथेच ओपी०७ घालून लिहा. ऑफसेट म्हणजे काय हे व्याख्येपेक्षा या दोन आकड्यांतून लवकर समजते. ऑफसेट जुळवण्याच्या दोन जादा पिना तशाच मोकळ्या सोडा. पुढच्या टप्प्यात सिग्नल मोठा झालेला असतो, तेथे स्वस्त एलएम३५८ चालतो. त्याच्या चार-सहा मिलिव्होल्टच्या चुकीला ३५ मिलिव्होल्टच्या सेंटीमीटरपुढे कोण विचारतो? जेथे सिग्नल बारीक आहे तेथे पैसे खर्च करावेत, पुढे हात आखडावा.

वजाबाकीचा टप्पा सोपा आहे. एलएम३५८ मध्ये दोन ऑप-अ‍ॅम्प असतात, त्यांतला एक क. चार रेझिस्टर, चारही १० किलो-ओहम. अ चे निर्गत एका रेझिस्टरमधून क च्या धन टोकाला, ब चे दुसऱ्यातून ऋण टोकाला, तिसरा क च्या निर्गतापासून ऋण टोकाला. चौथा धन टोकापासून जमिनीला, असे पुस्तकात असते. आपण त्याला जमिनीऐवजी १ व्होल्टला जोडू. मग निर्गत = अ − ब + १ व्होल्ट.

हे चार रेझिस्टर एक टक्क्याचे, मेटल फिल्मचे घ्या. पाच टक्क्यांचे तपकिरी रेझिस्टर येथे नकोत. एक टक्क्यांतही चौघांनी अगदी वाईट जोडी जमवली तर कॉमन-मोडमधून सुमारे ८० मिलिव्होल्ट निसटून बाहेर येतात, म्हणजे सव्वादोन सेंटीमीटर. हे स्थिर असतात, म्हणून शून्य जुळवताना जातात. तरी दहा-पंधरा रेझिस्टर मल्टिमीटरने मोजून त्यांतले सर्वांत जवळचे चार निवडण्यास पाच मिनिटे लागतात. ती द्यावीत.

आता १ व्होल्टची गोष्ट. एलएम३५८ बद्दल सर्व पुस्तकांत लिहिलेले असते की एकाच पुरवठ्यावर त्याचे निर्गत शून्यापर्यंत खाली जाते. हे खरे आहे, पण अर्धे. निर्गताकडून धारा बाहेर जात असेल किंवा काहीच नसेल तर तो शून्याजवळ जातो. पण बाहेरून धारा त्याच्यात येत असेल तर साधारण अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या खाली तो जेमतेम पन्नास मायक्रोअ‍ॅम्पिअर गिळू शकतो. आपल्या परिपथात टाकी रिकामी असताना अ आणि ब दोन्ही ५ व्होल्टवर असतात, आणि तेथून १० किलो-ओहमांमधून क च्या निर्गताकडे दोनशे मायक्रोअ‍ॅम्पिअर किंवा अधिक धारा येतच असते. शून्याला शून्य धरले असते तर निर्गत ०.६-०.७ व्होल्टला अडून बसले असते. ३५ मिलिव्होल्टला एक सेंटीमीटर, म्हणजे तळाचे अठरा-वीस सेंटीमीटर आपल्याला दिसलेच नसते. टाकी संपत आली हे सांगण्यासाठीच सगळा खटाटोप, आणि नेमके तेच दिसणार नाही! वर ४० सेंटीमीटर, ६० सेंटीमीटर छान दाखवणारे यंत्र तळाशी खोटे बोलते, आणि टाकी अर्ध्यावर असताना केलेल्या चाचणीत ही खोट सापडत नाही.

पाया १ व्होल्टवर उचलला की ही अडचण राहत नाही. आणखी एक लाभ असा की तार तुटली, अ‍ॅडॅप्टर बंद पडला, तर खाली शून्य व्होल्ट दिसतील. शून्य म्हणजे बिघाड आणि एक व्होल्ट म्हणजे रिकामी टाकी, दोन्ही वेगळे ओळखता येतात. कारखान्यांत ४ ते २० मिलिअ‍ॅम्पिअरचा सिग्नल वापरतात तो याच विचाराने. २५० ओहमवर तो १ ते ५ व्होल्ट होतो. पिथमपूरच्या एखाद्या कारखान्यात तुमच्यापैकी कोणाचे वडील किंवा काका कामाला असतील तर त्यांना विचारा, ते चारचे महत्त्व सांगतील.

हा १ व्होल्ट आणायचा कोठून? १० व्होल्टच्या ओळीवरून १५ किलो-ओहम, मग २ किलो-ओहमचा प्रीसेट, मग १ किलो-ओहम आणि जमीन. प्रीसेटच्या मधल्या पायावर ०.५६ ते १.६७ व्होल्ट मिळतील. पण हा पाय थेट वजाबाकीच्या चौथ्या रेझिस्टरला जोडू नये. तसे केल्यास विभाजकाचा रोध त्या १० किलो-ओहममध्ये मिसळतो आणि मोजून निवडलेल्या चौघांची जुळणी बिघडते. मध्ये एलएम३५८ चा उरलेला अर्धा भाग, निर्गत सरळ ऋण टोकाला जोडून, बफर म्हणून ठेवा. अशा रीतीने दोन ओपी०७ आणि एक एलएम३५८, तीन तुकडे, चार ऑप-अ‍ॅम्प, एकही रिकामा नाही.

पुरवठ्याचे थोडक्यात. १५ व्होल्टचा रेग्युलेटेड अ‍ॅडॅप्टर, त्यावर सर्व ऑप-अ‍ॅम्प; ७८१० मधून १० व्होल्ट, त्यावर सेन्सर आणि विभाजक. सेन्सरचा सिग्नल पुरवठ्याच्या प्रमाणात बदलतो, १० चे ९.९ झाले तर टाकीही एक टक्क्याने कमी दिसेल. म्हणून सेन्सरला अ‍ॅडॅप्टरवर थेट लावू नका. प्रत्येक तुकड्याच्या पुरवठ्याजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

बिघाड झाला तर क चे निर्गत १३ व्होल्टपर्यंत उसळू शकते आणि आर्डुइनोची पिन जळेल. म्हणून निर्गतानंतर १० किलो-ओहम, त्यापुढे पिनेपासून ५ व्होल्टच्या ओळीकडे एक १एन४१४८ डायोड, आणि पिनेपासून जमिनीला १ मायक्रोफॅरड. काही मुले येथे झेनर लावतात, ५.१ व्होल्टचा झेनर ४.५ व्होल्टलाही थोडी धारा पितो आणि भरलेली टाकी कमी दाखवतो, तेव्हा डायोडच बरा. हाच १० किलो-ओहम आणि १ मायक्रोफॅरड मिळून १६ हर्ट्झचा गाळणाही होतो. विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण एक-तृतीयांशावर येते, राहिलेली वीस-पंचवीस वाचनांची सरासरी घेऊन जाते. पाणी काही पापणी लवेपर्यंत वर-खाली होत नाही, आपल्याला घाई नाही.

हे सर्व खोके वर, सेन्सरजवळच ठेवायचे. चोवीस मिलिव्होल्ट तीन मजले खाली आणून मग वाढवणे म्हणजे वाटेतला सगळा कचराही १४३ पट करणे. वाढवून झाल्यावर मग खुशाल खाली आणा. मात्र खोके उन्हात नको, जिन्याच्या खोलीच्या सावलीत ठेवा. सेन्सर बनवणारे स्वतःच सांगतात की ० ते ८५ अंशांत त्याचे शून्य एक मिलिव्होल्टपर्यंत हलू शकते. एक मिलिव्होल्ट म्हणजे चार सेंटीमीटर. आर्डुइनो पडद्यावर दीड मिलिमीटरचा बदलही दाखवील, त्यावर भाळू नका. हे यंत्र दोन-तीन सेंटीमीटर इकडे-तिकडे खरे सांगते, आणि टाकीसाठी तेवढे भरपूर आहे.

सेन्सरला पाणी लागू द्यायचे नाही, तो कोरड्या हवेसाठी आहे. टाकीच्या तळाशी एक रुंद बाटली तोंड खाली करून वजनाने बसवा, तिच्या बुडाला भोक पाडून नळी काढा आणि ती पाण्याच्या पातळीच्या वर ठेवलेल्या सेन्सरच्या धन तोंडाला जोडा. अडकलेली हवा पाण्याचा दाब वर पोचवते. कपडे धुण्याच्या यंत्रातही पाण्याची पातळी बहुधा अशाच हवेच्या नळीने मोजतात. बाटली रुंद अशासाठी, की हवा दबली तरी पाणी तिच्यात फार वर चढू नये. हवा हळूहळू पाण्यात विरघळते, तेव्हा आठवड्यातून एकदा नळी काढून मत्स्यपेटीच्या पंपाने हवा भरावी लागेल. सेन्सरचे दुसरे तोंड बाहेरच्या हवेला उघडे राहू द्या. ते बुजले तर हवामान बदलताच माप बदलेल. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल हलला की एक सेंटीमीटर पाणी खोटे.

जुळवणी प्रयोगशाळेतच करू. पारदर्शक नळी यू आकारात मीटरपट्टीवर बांधा, अर्धी पाण्याने भरा, एक टोक टी-जोडाने सेन्सर व सिरिंजला. आधी सिरिंज काढून ठेवा, दोन्हीकडचे पाणी समान होईल. प्रीसेटने निर्गत १.०० व्होल्ट करा. मग सिरिंजने सावकाश हवा दाबून दोन बाजूंत १०० सेंटीमीटरचा फरक आणा, आरजीच्या प्रीसेटने ४.५० करा. पुन्हा शून्य पाहा, थोडे हललेले असेल, कारण गेन बदलला की ऑफसेटही वाढतो. दोन-तीन फेऱ्यांत बसते. त्यानंतर प्रीसेटना हात न लावता २५, ५० आणि ७५ सेंटीमीटरला १.८७५, २.७५ आणि ३.६२५ येतात का ते पाहा. सिरिंज यू-नळी न जोडता थेट सेन्सरला लावून कधीही दाबू नका. बंद हवेचे आकारमान निम्मे केले की दाब वातावरणाइतका वाढतो, म्हणजे सुमारे शंभर किलोपास्कल. दहा किलोपास्कलचा पडदा त्याने फाटेल. पंपाच्या २३० व्होल्टच्या जोडणीला कोणीही हात लावायचा नाही, ते काम वीजतंत्रीच करील.

कोणी म्हणेल, बाजारात एचएक्स७११ ची तयार पाटी मिळते, १२८ चा गेन आणि २४ बिटांचे रूपांतर एकाच चकतीत, मग हा खटाटोप कशाला? काकांसाठी आज संध्याकाळपर्यंत यंत्र हवे असते तर आम्हीही तीच आणली असती. पण ती पाटी तळाशी खोटे बोलू लागली तर कोठे शोधायचे, हे ज्याने एकदा अ, ब आणि क स्वतः जोडले त्यालाच सुचते.

घरी सोडवण्यासाठी: शाळेच्या तळघरातील हौदात पाणी २.५ मीटरपर्यंत चढते. त्यासाठी ५० किलोपास्कलचा सेन्सर घेतला, जो १० व्होल्टवर किलोपास्कलमागे ०.८ मिलिव्होल्ट देतो. निर्गत तेच, १ ते ४.५ व्होल्ट. गेन किती हवा, ४७ किलो-ओहम कायम ठेवून आरजी किती, आणि ५६० ओहमशी २०० चा प्रीसेट जोडलेली आपली जुनी जोडी चालेल का? नसल्यास कोणती घ्याल? हौदात एका सेंटीमीटरला किती मिलिव्होल्ट मिळतील तेही काढा. उत्तरे वहीच्या पानावर आकृतीसह काढून भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शनिवारपर्यंत द्यावीत. ज्यांना सॉकेटवर परिपथ जोडायचा आहे त्यांनी चार-चारचा गट करून नावे लिहून द्यावीत. सेन्सर दोनच आहेत, म्हणून पाळी लावावी लागेल.